आधी थाळीत ओत

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते लडीचा गुंडा करायचं. मी खुर्चीत दोन्ही हात पुढं करून बसलो होतो, हातांत डाळिंबी दोऱ्याची लडी अडकवलेली. ती समोर वेताच्या मोड्यावर बसून भराभर गुंडाळत होती. दुपारचे दोन वाजलेले, जेवणं झालेली. माझे हात खाली आले की म्हणायची, "वर घ्या. कोपर पोटाला टेकवू नका, दोरा झोपतो."

मी म्हटलं, "दोरा झोपतो तर मलाही झोपू दे."

"गुंडा झाला की झोपा. आणि उठलात की पर्सच्या मुठी करा. परवा लग्न आहे समोरच्या पोरीचं. बिनमुठीची पर्स काय डोक्यावर घेऊन जाईल सासरी?"

"उद्या करतो."

"चार दिवस उद्याच चाललंय तुमचं."

"उद्या म्हणजे उद्या," मी म्हटलं. गुंडा झाला. तिनं तो मांडीवर घेतला, मी हात झटकले आणि पलंगावर जाऊन पडलो. दीड तासात ती गेली.

गेली म्हणजे मेली. लोक देवाघरी गेली म्हणतात, निवर्तली म्हणतात. मी चाळीस वर्षं लेथवर लोखंड गोल केलं, पण मला गोल बोलता येत नाही. पाच महिने झाले. अजूनही सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं, ही आज उठली नाही वाटतं अजून, आणि मग डोक्यात घण बसतो. हे रोजचं आहे. सवय होत नाही.

त्या पर्सच्या मुठी राहिल्या होत्या आणि ती पर्स समोरच्या घरातल्या हेतलला लग्नाआधी पोचायची होती. ती पोचली का, कशी पोचली, ते सांगायला मी बसलोय. पण आधी ही बाई कोण होती ते सांगायला पाहिजे. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ज्यांनी तिच्याकडून पर्स विणून घेतली त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहितो. ती सातवी शिकलेली, मी चौथी. त्यामुळं घरात शिकलेली तीच. आता ती नाही, तर चुका आमची मुलगी सुनंदा काढेल.

सोसायटीत तिचं नाव थाळीवाली काकी. खरं नाव पोस्टमनला माहीत होतं आणि रेशनकार्डाला. ती क्रोशाच्या सुईनं पर्स विणायची. त्यावर मोती, आरसे, टिकल्या, कवड्या, जे शोभेल ते लावायची. पण विणायला घेण्याआधी एक गोष्ट ठरलेली. पर्स पाहिजे म्हणून कोणी आलं की ती स्वयंपाकघरातून स्टीलची मोठी थाळी आणायची, आलेल्या बाईसमोर ठेवायची आणि म्हणायची, "आधी थाळीत ओत. मग बोल."

म्हणजे बाईनं आपली चालू पर्स त्या थाळीत उलटी करायची. सगळी. कोपऱ्यातला भुसासुद्धा. मग ही चष्मा लावून एकेक वस्तू उचलून बघायची. किती लांब, किती जड, रोज लागते की महिन्यातून एकदा. त्यावरून पर्स किती उंच, तळ किती रुंद, आत कप्पे किती, हे ठरायचं. रंग आणि मोती सगळ्यात शेवटी. तिचं म्हणणं, "टिकली लोक बघतात. अस्तर आपण वापरतो."

हल्लीच्या पोरी मोबाईल घेऊन यायच्या. "काकी, आवी ज जोईए छे," म्हणजे अशीच पाहिजे, म्हणून फोटो दाखवायच्या. ही फोटो बघायची, "छान आहे" म्हणायची आणि मोबाईल परत द्यायची. "फोटोतल्या पर्समध्ये काही नसतं बाळा, म्हणून ती अशी ताठ उभी आहे. तुझ्यात काय काय आहे? ओत." पोरी हसायच्या, लाजायच्या, पण ओतायच्या.

कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. म्हणाल्या, मला अगदी लहानशी हवी, हातात मावेल अशी. थाळीत निघालं काय? पाच पेन, त्यांतले तीन बंद पडलेले. खडूचे तुकडे. डोकेदुखीच्या गोळ्या. कोणाच्या तरी मुलाचा मोजा. आणि कागदात गुंडाळलेला अर्धा थेपला, कधीचा ते देवाला ठाऊक. त्या बाई लाल झाल्या. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचं वाहता आणि पर्स लहान मागता. असं कसं चालेल, बेन?" मोठी विणून दिली, थेपल्याला वेगळा कप्पा. मी आतल्या खोलीत तोंड दाबून हसत होतो.

एकदा एका बाईच्या पर्समधून एक छोटा फोटो पडला, पुरुषाचा. तिच्या नवऱ्याला मी ओळखत होतो, हा तो नव्हता. बाईचा चेहरा पांढरा फटक. हिनं आपला रुमाल त्या फोटोवर टाकला आणि म्हणाली, "किल्ल्या जड आहेत तुमच्या, तळाला दुहेरी विणायला लागेल." संध्याकाळी मी विचारलं, "कोण गं तो?" तर माझ्याकडं बघितलं असं, की मी चोरी करताना सापडलोय. "थाळीत पडलं ते थाळीतच राहतं. तुम्हाला काय करायचंय?" मी परत विचारलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मला एवढंच दटावलं नाही, खूप दटावलं, पण हे लक्षात राहिलं.

आमचे पूर्वज राजाच्या फौजेतून बडोद्याला आले, घोड्यावर बसून. मी सायकलवर बसून मकरपुऱ्याच्या कारखान्यात गेलो. माझं सगळं आयुष्य मापात गेलं. माझ्या खिशात माप घ्यायचा वर्नियर असायचा, केसाएवढी चूक चालायची नाही. आणि ही? ही बोटांनी मोजायची. एक वीत चार बोटं, दोन वीत कमी एक बोट. मला राग यायचा. मी म्हणायचो, "बोट हे काय माप झालं? माझं बोट जाड, तुझं बारीक." ती म्हणायची, "पर्स मी विणणार, मग बोट कोणाचं धरायचं?" एकदा मी हट्टानं तिच्या तीन पर्स वर्नियर लावून तपासल्या. एकीतही फरक नव्हता. मी वर्नियर खिशात घातला आणि चहा मागितला.

आमच्या कामात आणखी एक फरक होता. लेथवर जास्त कापलं की झालं, तुकडा भंगारात. लोखंड परत चिकटत नाही. हिचं तसं नव्हतं. चार दिवस विणलेली पर्स, त्यावर आरसे लावलेले, आणि हिला दिसायचं की खालून सातव्या ओळीत एक खांब, म्हणजे उभा टाका, कमी पडलाय. दुसऱ्या कोणाला सात जन्मांत दिसला नसता. ही सगळी उसवायची. सर्रकन्. मला बघवायचं नाही, मी बाहेर जाऊन उभा राहायचो. ती आतून हाका मारायची, "या आत. काही मेलं नाहीये. दोरा आहे तेवढाच आहे."

मोती आणि आरसे घ्यायला आम्ही मंगळबाजारात जायचो. मी स्कूटर लावून उभा राहायचो आणि ती दुकानदाराचा जीव खायची. घरून रुमाल ओला करून न्यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत. टिकली किंवा मोती त्या ओल्या रुमालात धरून चोळायची. रंग उतरला की रुमाल दुकानदाराच्या नाकासमोर. "काकी, गॅरंटी छे ने!" तो ओरडायचा. ही म्हणायची, "तुझी गॅरंटी तुझ्या पायरीपर्यंत. बाई घामाघूम होऊन बसमध्ये बसली, पांढऱ्या साडीवर लाल डाग पडला, तर तू धुवायला येणार का रे?" नंतर नंतर तो दुकानदारच हिला बघून आतून वेगळा डबा काढायचा.

मी रिटायर झालो तेव्हा माझे हात रिकामे झाले. माणसाचे हात रिकामे झाले की तो घरातल्यांच्या चुका काढायला लागतो. मी पोळीच्या कडा जाड आहेत म्हणायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिनं एक मोडक्या पलंगाचा सागवानी पाय माझ्यासमोर आणून आपटला. "ह्याच्या पर्सच्या मुठी करा. पोळीवर वर्नियर लावायचा नाही." मी मागच्या गॅलरीत जुन्या शिलाई मशीनची मोटर बसवून छोटं लेथ उभं केलं. तेव्हापासून विणकाम तिचं आणि मुठी माझ्या.

पहिली जोडी मला वाटलं झकास झालीय. तिनं उचलली आणि गालावरून फिरवली. म्हणाली, "टोचते." मी म्हटलं, "मूठ हातात धरतात, गालाला कोण लावतं?" ती म्हणाली, "तुमचा हात लोखंडाचा झालाय, त्याला कळत नाही. माझा सुईनं घट्टे पडलेला. गाल अजून शाबूत आहे." आठ वेळा पॉलिश पेपर मारला तेव्हा पास झालो. कारखान्यात इतका कडक साहेब मला मिळाला नव्हता.

ती गुणांचीच होती असं म्हणणार नाही. मेल्यावर सगळेच गुणांचे होतात. ही हट्टी होती. एक ओळ सुरू केली की ती पुरी झाल्याशिवाय उठायची नाही. दूध उतू गेलं तरी नाही. एकदा मे महिन्यात मी बाहेरून आलो, कडी आतून, उन्हात उभा राहून दार वाजवतोय आणि ही आतून सांगते, "आले. ओळ पुरी होऊ दे." दहा मिनिटं. मी आत येऊन शिव्या दिल्या. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "अर्ध्या ओळीत उठलं की परत बसल्यावर हात वेगळा पडतो. मागचे टाके घट्ट, पुढचे सैल. तिथंच फाटते मग." विणणाऱ्या बायका सांगतात की हे खरं आहे. असेल. माझं मत विचाराल तर हिला ह्याच हट्टानं मारलं. डॉक्टर म्हणाला तसं काही नसतं. तो डॉक्टर आहे, मी नवरा आहे.

आता हेतलचं सांगतो. समोरच्या कोकिलाबेनची ही मुलगी. आई नोकरी करायची, म्हणून पोरगी शाळेतून सुटली की आमच्याकडं. आमच्या घरी वरणभात खाऊन वाढली, म्हणून मराठी चांगलं बोलते, मधेमधे गुजराती. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास. लग्न ठरल्यावर ती आली, म्हणाली, "काकी, घरचोळ्यावर जाईल अशी पर्स पाहिजे. तुझ्याच हातची." घरचोळं म्हणजे त्यांच्यातली नवरीची लग्नातली साडी.

ही थाळी घेऊन आली. "ओत."

पोरीनं ओतलं. मोबाईल, लिपस्टिक, कंगवा, पिना, एक चॉकलेट. आणि पर्स परत मिटायला लागली. ही म्हणाली, "सगळं." पोरीनं पर्स छातीशी धरली. "हेतल, मी तुझं नाक पुसलंय. ओत सगळं." तेव्हा तिनं आतल्या चेनमधून तो पंप काढला, तोंडात धरून श्वास घ्यायचा तो, आणि थाळीच्या कडेला ठेवला.

"लपवतेस कशाला? त्यांना माहीत नाही का?"

"त्याला माहीत आहे ने. सासूबाईंना पण. पण तिकडं केवढं मोठं कुटुंब आहे काकी, फुया, मासी, सगळ्या. सगळ्यांसमोर काढायला शरम वाटते. शोधायला वेळ लागतो, सगळे बघत बसतात, मग आणखीच श्वास चढतो."

हिनं पंप हातात घेतला, फिरवून बघितला. मग पोरीला म्हणाली, "डोळे मीट. आता तुझा हात पर्समध्ये घाल, जसा घालतेस तसा." कितीतरी वेळा घालायला लावला. पोरीचा हात कुठं पडतो, कुठलं बोट आधी आत जातं, ते बघत बसली. आणि तिथं, बरोबर तिथं, पंपाच्या मापाचा कप्पा विणला. त्याच्या तोंडाशी एक खडबडीत मणी लावला, बोटाला लागावा म्हणून. बाहेरून आरसे आणि मोत्यांची वेल अशी की लोकांचं लक्ष तिथंच राहावं. मला म्हणाली, "आता हिला शोधायला लागणार नाही. बघायलासुद्धा लागणार नाही." पंधरा दिवस ती पर्स तिच्या मांडीवर होती. इतकी खूष मी तिला सुनंदाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

आणि मी मुठी उद्यावर टाकत होतो. कारण काही नाही. कंटाळा.

त्या दुपारी गुंडा झाल्यावर ती मोड्यावरच बसली, काठाची शेवटची ओळ घालायला. मी पलंगावर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. साडेतीनला ती म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या."

मी म्हटलं, "घे की उठून. दोन पावलांवर माठ आहे."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला इथं वाचूनच कळेल. थोड्या वेळानं सुई फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी पेपर काढून बघितलं तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली. परत मारली. मग मला वाटतं मी ओरडत रस्त्यावर गेलो. कोकिलाबेनच्या मिस्टरांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरनं छातीला नळी लावली, काढली, आणि म्हणाला, घरातच संपलं होतं, काका. मी म्हटलं, "परत बघा." त्यानं परत बघितलं.

सुनंदा वासण्याला राहते, ती तिथून पंचवीस मिनिटांत आली. सातच्या आत स्मशानातलं सगळं आटोपलं. तीन वाजता जिवंत असलेली बाई सात वाजता नाही. नुसती गेली नाही, काहीच नाही. मी घरी येऊन खुर्चीत बसलो आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणत होते, काका खंबीर आहेत. खंबीर कसला, बंद पडलो होतो. करंट गेल्यावर लेथ जसं उभं राहतं तसा बसलो होतो.

मोड्याशेजारी पर्स पडलेली होती. मी उचलून बघितली. शेवटची ओळ पुरी होती. शेवटचा टाका बंद केलेला, दोरा कापून टोक आत ओवून टाकलेलं. म्हणजे आधी ओळ पुरी केली, मग पाणी मागितलं. किती वेळ छातीत कळ घेऊन विणत होती कोणास ठाऊक.

तेवढ्यात कोकिलाबेन आल्या. अंगावर साधी साडी, डोळे सुजलेले. सुनंदाच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांचं हिच्यावर प्रेम होतं, खोटं बोलणार नाही. मग हळूच सुनंदाला म्हणाल्या, "बेन, पेली पर्स... हमणां रहेवा देजो. लगनवाळुं घर छे. खोटुं ना लगाडता." म्हणजे ती पर्स राहू दे, लग्नघर आहे, वाईट वाटून घेऊ नका. सुनंदा म्हणाली, "हो हो, कोकिलाबेन, सुतकातली वस्तू लग्नात कशी देणार? मला कळतं."

मला कळलं नाही. खरं सांगतो, बायको मेली हे त्या वेळपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण पर्स जाणार नाही हे शिरलं. तिच्या हातचं शेवटचं काम आमच्या कपाटात पडून राहणार. आणि ती पोर नव्या घरात चारचौघांत पंप शोधत बसणार. सुनंदा नंतर म्हणाली, "बाबा, मी ठेवते ती. आईची आठवण." मी म्हटलं, "ती तुझी नाही. तुझं काही त्यात मावणार नाही." पोरगी रडत आत गेली. मला तसं बोलायचं नव्हतं. पण खरं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मागच्या गॅलरीत गेलो आणि लेथ चालू केलं. सागवानाचा तुकडा आधीच कापून ठेवलेला होता. आवाजानं सुनंदा धावत आली. "बाबा! आज?"

"आज नाही तर कधी? उद्या लग्न आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक दहाला येतील. आत्ता सहा वाजलेत."

ती दारात उभी राहिली. मी मुठी काढल्या, भोकं पाडली, पॉलिश पेपर मारला. काम चुकलं नाही. मग शिवायची वेळ आली आणि सुईत दोरा जाईना. तीन वेळा, चार वेळा. मी सुई सुनंदासमोर धरली. "ओवून दे." तिनं माझ्याकडं बघितलं. मग दोरा तोंडात ओला करून ओवून दिला. मुठी मी शिवल्या. चारही टोकं. माझे टाके असे की बैलाच्या वेसणीला शोभतील, पण घट्ट.

आठ वाजता पर्स घेऊन मी समोरच्या गेटाशी जाऊन उभा राहिलो. आत मांडव घातलेला, पीठी, म्हणजे हळद, लावायची तयारी, नवरदेवाकडच्या सात-आठ बायका काहीतरी घेऊन आलेल्या. एक ढोलवाला वाजवत होता. मला बघून बायकांनी माना वळवल्या. कोकिलाबेन धावत आल्या, चेहरा उतरलेला. "काका, आजे नहीं. हाथ जोडुं छुं."

"मी आत येत नाही," मी म्हटलं. "मांडवात नेऊ नका, देवापुढं ठेवू नका. गंगाजल शिंपडा, नाहीतर नळाखाली धरा. रंग जाणार नाही, तिनं तपासलंय. पण पोरीला द्या. पंपाचा कप्पा हेतलच्या हाताच्या मापाचा आहे, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही."

"काका, धीमे!" कोकिलाबेन कुजबुजल्या आणि मागं त्या बायकांकडं बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. जन्मभर मशीनच्या आवाजावर बोललेला माणूस, हळू बोलणं मला येतच नाही. ज्यांच्यासमोर पोरगी लाजत होती त्या सगळ्यांना मी गेटावरून ओरडून सांगितलं होतं. ज्या गोष्टीसाठी हिनं पंधरा दिवस विणलं, ती मी एका वाक्यात नासवली. हिनं रुमाल टाकला असता. मी भोंगा वाजवला.

मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. परत फिरलो. तेवढ्यात आतून हेतल आली. हातांना, गालांना पिवळी पीठी लागलेली, केस मोकळे. तिनं त्या बायकांकडं एकदा बघितलं. मग आईला मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, मारो पंप लाव."

पंप आण म्हणत होती. कोकिलाबेन हलेनात. ती परत म्हणाली. आता शेजारच्या बंगल्यातसुद्धा ऐकू गेलं असेल. पंप आला. तिनं पिवळ्या हातांनी माझ्याकडून पर्स घेतली, पंप कप्प्यात टाकला, पर्स एका हातात धरली, डोळे मिटले आणि दुसरा हात घातला. एका झटक्यात पंप बाहेर. परत ठेवला. परत काढला. त्या बायकांतली एक म्हातारी, नवऱ्या मुलाची फुई, म्हणजे आत्या, असावी, खुर्चीतून म्हणाली, "एमां शुं? अमारे त्यां बे जण राखे छे." म्हणजे त्यात काय, आमच्याकडं दोघं वापरतात. "कोणे गूंथी? बहु सरस छे."

कोणी विणली विचारत होती. मी सांगितलं, "माझ्या बायकोनं. काल वारली."

पोरगी माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो. "सुतक आहे मला. लांबूनच." ती तशीच वाकून राहिली आणि तिच्या हाताची पीठी रस्त्यावर लागली. कोकिलाबेननी पदर तोंडाला लावला, पण पर्स काढून घे असं म्हणाल्या नाहीत.

ढोलवाला काठ्या खाली धरून माझ्याकडं बघत होता. मी त्याला म्हटलं, "तू कशाला थांबलास? वाजव."

तो कोकिलाबेनकडं बघायला लागला.

"त्यांच्याकडं बघू नकोस. मी सांगतोय ना, वाजव."

त्यानं एक थाप मारली, हळूच. मग दुसरी. नीट सुरू होईपर्यंत मी गेटाबाहेर उभा राहिलो. मग घरी आलो, आंघोळ केली आणि भेटायला येणाऱ्यांसाठी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली.